निवडलेले बांगडे

नॉर्वेतला माझा शेवटचा महिना उरला होता आणि मला घरी जायचं नव्हतं. लोकांना वाटतं, पोराला परदेशाची चटक लागली असणार. कसली डोंबलाची चटक! वर्षभर उकडलेले बटाटे खाऊन जीव विटला होता. पण गावाने ज्या कागदासाठी मला पाठवलं, तो कागद माझ्याकडे नव्हता.

आमच्या गावी, देवबागला, बाबा रापणीत होते. चाळीस माणसं किनाऱ्यावर उभी राहून एकच मोठं जाळं ओढायची. ऐंशी सालानंतर ट्रॉलर पार किनाऱ्याला खेटून फिरायला लागले आणि जाळ्यातले मोठे बांगडे कमी होत गेले. तक्रार घेऊन गेलो, तर मत्स्य खात्याच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, "असं तोंडी चालत नाही. शास्त्रीय पुरावा आणा."

बांगड्याच्या डोक्यात तांदळाच्या कणीएवढा खडा असतो. त्याच्यावरच्या रेघांवरून माशाचं वय काढतात; जाळ्यात नुसती पिल्लंच येत असली, तर ते त्यातून सिद्ध होतं. ते शिकायला मी शिष्यवृत्तीवर गेलो. खडे काढून बाबा दर महिन्याला पाठवणार होते. निघताना मी दहादा बजावलं होतं, "बाबा, डोळे मिटून पन्नास बांगडे उचला. हाताक गावतीत ते."

"होय रे, कितीदा सांगतंस!" बाबा वैतागले होते.

दर महिन्याला पुड्या येत होत्या. मी खडे घासायचो, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रेघा मोजायचो. एकूण एक मासा वयाने मोठा, धडधाकट. प्राध्यापक खूश झाले. म्हणाले, "तुमचा समुद्र तर उत्तम आहे!" मला काही ते पटेना. घरी पत्र टाकून विचारलं, बाबा, मासे उचलता कसे?

उत्तर आलं: "झिला, तू काळजी करू नको. एक पण बारको बांगडो मी धाडूक नाय. रापण ओढली काय पयले मोठे मोठे तुझ्यासाठी काढतंय, मगे बाकीचे विकूक. आमच्या दर्यात काय गावता तां थंयच्या सायबाक दिसाक व्हया."

शिरा पडो त्या बांगड्यांवर! आधी मी खोलीत एकटाच ओरडलो, मग ढसाढसा रडलो. आमच्याकडे पाहुण्याच्या पानात बारका मासा वाढत नाहीत, मग परक्या देशातल्या साहेबाला कसा धाडतील? आणि हे मला सुचू नये? मी त्याच घरात जेवून वाढलो होतो. बाबांचा राग येत होता, आणि तो येतो याची लाजही वाटत होती.

प्राध्यापकांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे वही मिटली. ही मोजणी आता कशालाच उपयोगी नव्हती, उलट आमच्याच विरुद्ध गेली असती. शिष्यवृत्ती वाढवून मिळणार नव्हती. तिकीट काढलेलं होतं.

बाबांना खरं लिहायचा धीर झाला नाही. लिहिलं, "बांगडे बरे होते. मोजताना माझीच चूक झाली. कागद मिळणार नाही." त्यावर त्यांचं पत्र येईपर्यंत मी सामान बांधायला घेतलं होतं. पत्राबरोबर एक पुडी होती.

"चूक झाली तर होऊ दी. सायबाच्या पाया पड आणि परत मोजूक सांग. हे आणखी धाडतंय. पन्नास होवक नायत, अकराच आसत. सबंध रापण धुंडाळली, मोठे एवढेच गावले. बाकी सगळी बारकी पिल्लां."

मी पत्र घेऊन धावत प्राध्यापकांकडे गेलो आणि ते ओळ न् ओळ त्यांना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी पत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, "तुमचे वडील खरं तेच सांगतायत. पण पत्राला पुरावा म्हणत नाहीत."

पुढच्या आठवड्यात मी परत निघालो. किनाऱ्यावर चाळीस माणसं त्या अकरा खड्यांच्या भरवशावर अजून कागदाची वाट बघत असणार होती, आणि त्यांच्यात सगळ्यांत पुढे बाबा.