रशियनमधला संसार

गाण्याआधी ते चष्मा काढून खिशात ठेवायचे आणि सांगायचे, "अर्थ विचारू नका. चाल ऐका." मग डोळे मिटून रशियन गाणं सुरू.

ते ठाण्याच्या आमच्या कारखान्यात फोरमन होते आणि ठाकुर्लीला माझ्याच बिल्डिंगमध्ये राहायचे. तरुणपणी कंपनीने त्यांना सहा महिने सोव्हिएत युनियनला ट्रेनिंगसाठी पाठवलेलं. येताना त्यांनी एक लोकरीची टोपी आणि हे गाणं आणलं. टोपी ठाकुर्लीत घालायचा प्रसंग आला नाही. गाण्याला कुठलाही प्रसंग चालायचा. एकदा सत्यनारायणाला त्यांनी ते आरतीनंतर म्हटलं. भटजींनी शेवटी हात जोडले.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असं कोणीतरी असेल. पाचव्यांदा आपण हसतो, पन्नासाव्यांदा स्वतःच गुणगुणायला लागतो.

पुढे तो देशच फुटला. मी कँटीनमध्ये विचारलं, "आता तुमच्या गाण्याचं काय?"

"काय व्हायचंय? चाल तीच आहे," म्हणाले, आणि भजी मागवली.

रिटायर झाल्यावर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. बायकोचं नावही ओठांवर येईना. वहिनी पाटीवर अक्षरं काढून दाखवायच्या, ते मान फिरवायचे.

मी भेटायला गेलो. बसल्या बसल्या सवयीने ती चाल गुणगुणलो. तिसऱ्या ओळीला चुकलो. ते रागाने सावरून बसले आणि ती ओळ शब्दांसकट म्हणाले. अगदी स्पष्ट.

वहिनी लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. "बोलले?"

"बोलले. रशियनमध्ये."

"चालेल," वहिनी म्हणाल्या, आणि तिथेच जमिनीवर बसल्या.

पुढची चार वर्षं त्या घराचा संसार गाण्यावर चालला. पहिली ओळ म्हणजे चहा. तीच हळू म्हटली तर पाठ दुखतेय. दुसरं कडवं म्हणजे वहिनींना हाक. वहिनी मराठीत भांडायच्या, ते रशियनमध्ये उत्तर द्यायचे, आणि उत्तर बहुधा लागू पडायचं.

शेवटचा आठवडा कल्याणच्या हॉस्पिटलात गेला. शेजारच्या खाटेवर खाडीकाठचा एक म्हातारा कोळी होता. तो दिवसभर सांगायचा, "म्हना दादा, अजून येकदा." आणि हे म्हणायचे.

ते गेले त्या सकाळी मी त्यांचं सामान आवरत होतो. नर्सने खाटेवरची चादर बदलली. कोळी भिंतीकडे तोंड करून ती चाल गुणगुणत होता. शब्द त्याला येत नव्हते. मी पिशवी भरली आणि त्याचं संपेपर्यंत उभा राहिलो.