गप्प करायची गोळी

केराबाईचं आणि माझं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. भिंतीला भिंत लागून घरं, नळ एकच, त्यामुळं भांडायला कारण शोधावं लागायचं नाही. पण बाई कामाची, तोंड वाकडं करून का होईना, कबूल करते. आमच्या विड्यांच्या कारखान्यात मांडीवर सूप घेऊन बसली की हजार विड्या वळूनच उठायची. मी आठशेलाच कंबर धरायची.

चौऱ्याहत्तर साली तिचा एकुलता एक लेक जोतीराम काविळीनं गेला. मागं बायको वच्छला आणि दीड वर्षाची पोर, गोजर. तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी केराबाई कारखान्यात हजर. डोळ्यांत टिपूस नाही. घरात तर हुकूमच सोडलेला, "रडायचं न्हाय. रडून त्यो माघारी येनार हाय का?" वच्छला बिचारी मोरीत बादली वाजवत रडायची. मला भिंतीपलीकडं सगळं ऐकू यायचं.

पोरीला कुठला हुकूम कळतोय? बाप गिरणीचा भोंगा झाला की घरी यायचा, म्हणून भोंगा वाजला की ती दाराला चिकटून टाहो फोडायची. उरलेला दिवस किरकिर. त्यावर आमच्या चाळीत एकच इलाज, अफूची बाळगोळी. मोहरीएवढी, दुधात उगाळून चाटवायची, की पोर झोपलं. कामावर जाणाऱ्या सगळ्या बाया द्यायच्या. मीही माझ्या दोघांना दिलीय, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. दहाच्या सुमाराला वच्छलाची किंकाळी आली, "आत्या, पोरगी उठंना!" मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावले. गोजर मांडीवर लुळी पडलेली, ओठ जांभळे. एक श्वास आला की दुसरा येतोय की नाही, आमचा जीव टांगणीला.

"गाढ झोपलीया," केराबाई म्हणाली, पण तिचा आवाज चिरकला होता.

"झोपलीया म्हणं! उचल तिला!" मी ओरडले. टांगा मिळाला, नशीब. दवाखाना येईस्तोवर मी पोरीच्या नाकाखालचं बोट काढलं नाही.

डॉक्टरांनी पापणी उघडली. बुबुळातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा झालेला. "काय दिलंत हिला?"

"कायबी न्हाय," केराबाई म्हणाली.

"बाई, खरं सांगा. नाही सांगितलं तर पोरगी हातची जाईल!"

मी तिच्या दंडाला असा चिमटा काढला, की अजून वळ असेल.

"सकाळी एक गोळी दिली," ती खाली बघत बोलली. "सून रातभर जागी असती. म्हनलं, तिला जरा पडू दे."

वच्छलानं कपाळावर हात मारला. "मीबी दिली वो, डाक्टरसाहेब! दोन दिल्या. आत्यास्नी पोरीचं रडनं सोसत न्हाय."

एकीनं दिलेली दुसरीला ठाऊकच नव्हती. मला दोघींचा इतका राग आला, आणि तितकीच कीवही.

डॉक्टरांनी सुई टोचली. म्हणाले, "आता हिला झोपू द्यायचं नाही. चिमटे काढा, तळपाय चोळा, काय वाट्टेल ते करा, पण हिला रडवा."

केराबाईनं पोरीच्या तळव्यावर टिचक्या मारल्या, गालावर पाणी मारलं. काही नाही. मान नुसती इकडून तिकडं. "रड गं माझे आये, रड की!" अर्धा तास झाला असेल. मी देवाला नवस बोलायचंही विसरले. शेवटी केराबाईनं पोरीला दोन्ही दंडांना धरून गदागदा हलवलं आणि ओरडली, "तुझा बा मेला, गोजरे! मेला त्यो! रड!"

त्या घरात हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. वच्छलानं हंबरडा फोडला. तेवढ्यात पोरीचं तोंड वाकडं झालं, आधी मांजरीच्या पिलाएवढा आवाज आला, मग असं भोकाड पसरलं की सगळा दवाखाना दणाणला.

कंपाउंडर आतून आला. "झालं ना आता? गप्प करा तिला, बाकीचे पेशंट आहेत."

"कोन गप्प करतंय, बघतेच मी!" केराबाई त्याच्या अंगावर धावली. आणि मग नातीला छातीशी धरून तिथंच जमिनीवर बसली, आणि जोतीरामच्या नावानं पहिल्यांदा मोठ्यानं रडली.