लावणीच्या ओळीतला पांढरा डगला

करोनाच्या साली माझी सून आमच्या नेरळजवळच्या गावात आशाताई होती. तापाची माणसं शोधत ती घरोघर फिरायची. घरी यायची ती मागच्या दाराने, आणि अंघोळ केल्याशिवाय नातवाला घ्यायची नाही. नातू अंगावर पिणारा होता. मला सगळी धास्ती त्याची.

आरोग्य केंद्रातून तिला मास्क आणि हातमोजे मिळाले होते. ताप असलेल्या घरी मात्र अंगभर सूट घालूनच जायचं, असा नियम मोबाइलवर आला होता. तिनेच मला तो वाचून दाखवला. सूट कुठे आहे असं विचारलं की म्हणायची, "अजून आले नाय, आई."

मला ते पटत नव्हतं. माझ्या चुलत जावेचा नवरा टेंपो चालवतो. केंद्राचं सामान तोच पोचवायचा. ते खोके उतरताना मी रस्त्यावरून पाहिले होते. त्यांच्यावर तसा सूट घातलेल्या माणसाचं चित्र होतं.

लावणीला आम्ही बायका एकमेकींच्या शेतावर जातो. त्या दिवशी त्याच जावेच्या खाचरात होतो. जाऊ आली ती पांढरा सूट घालून, डोक्यावर त्याचीच टोपी, शिवणींवर निळी पट्टी.

"काय गं, चंद्रावर चाललीस काय?"

"जळताय कशाला? तुमची इरली गळतात, माझा डगला नाय गळत."

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही.

"कुठनं आणलास?" मी विचारलं. चार बायकांत मी सहसा तोंड उघडत नाही, म्हणून सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"गावला असाच," असं म्हणून जाऊ खाली वाकली आणि भराभरा रोपं खोचायला लागली.

दुपारी बांधावर भाकर खाताना मी मुद्दाम तिला चिकटून बसले. कुणा आजारी माणसाजवळ वापरून टाकलेला तर नसेल? पण पाठीवर पिशवीतल्या घडीच्या रेघा तशाच होत्या. नवा होता. म्हणजे टेंपोतून काढलेला. माझ्या सुनेच्या वाट्याचा.

घरी आल्याबरोबर मी सुनेला सगळं सांगितलं. ती बाळाला थोपटत होती. हात थांबला.

"काकांना बोल लावू नका, आई. काकीला तो मीच दिला. सांगू नको म्हटलं व्हतं तिला."

"आणि तू काय घालणार?"

"तो घालून गेले की लोक दार लावतात. शेजारी बघतात ना, मग त्या घराशी कुनी बोलत नाय. साधी गेले तर निदान ताप बघू देतात."

 पण एवढे दिवस ती माझ्या तोंडावर खोटं बोलत होती, हे डोक्यातून जाईना.

पुढे केंद्रातून दुसरा सूट मिळाला. तिने तो पिशवीत भरला आणि म्हणाली, "आता घालते, आई." मी बाळाला शेजारी दिलं आणि लांबून तिच्या मागे निघाले. रस्त्याखालच्या मोरीजवळ ती थांबली, इकडेतिकडे बघितलं, पिशवी निरगुडीच्या फांदीला अडकवली आणि तशीच पुढे चालायला लागली.

मी पिशवी काढून तिला गाठलं.

"घाल."

"दार उघडनार नायत, आई."

"तू घाल आधी."

ती घालेपर्यंत मी पुढे तापाच्या घरी गेले. परक्यांच्या अंगणात मी कधी एकटी उभी राहिले नव्हते. पदर तोंडावर घट्ट धरला आणि हाक मारली, "आमची सून येतेय, सूट घालून. घरात अंगावर पिणारं पोर हाय गं आमच्या. दार लावू नका."

आत कुजबुज झाली. मग कडी निघाली. त्या घरच्या म्हातारीने अर्ध्या दारातून डोकं काढलं.

"ओरडतेस काय, गाव गोळा करतेस? पाठव तिला लवकर."

सून आत गेली. मी अंगणातच थांबले. त्यानंतरही ती तापाच्या घरी निघाली की मी मागून जायची. तोंडाने ती हो म्हणायची, पण मला ते डोळ्यांनी बघायचं असायचं.