फिरकूला हरवायचं कसं?

“फिरकू हरू शकत नाही,” मॅडम तिसऱ्यांदा म्हणाल्या.

व्हिडिओ कॉल चालू होता. पलीकडे कार्टून चॅनेलच्या मॅडम, मुंबईहून. अलीकडे सुरतेत, पर्वत पाटियाजवळच्या आमच्या ऑफिसात मी आणि माझे बॉस जिग्नेशभाई. खालच्या मजल्यावर साड्यांचे गठ्ठे चढतात-उतरतात, वर आम्ही मोबाइल गेम बनवतो. मी गेम डिझायनर. म्हणजे चित्रं काढत नाही, कोडही लिहीत नाही. खेळणारा कधी जिंकणार, कधी हरणार, ते मी ठरवते.

फिरकू हे टीव्हीवरचं कोकरू. त्याच्यामागे सदा लागलेलं अस्वल म्हणजे घोरू. गोडादऱ्यात आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ही नावं पाठ आहेत. आमचा गेम सोपा होता. फिरकू पळतो, आपण बोटाने त्याला उड्या मारायला लावायच्या. चुकलं की गेम ओव्हर.

पण कॅरेक्टर चॅनेलचं. त्यामुळे प्रत्येक बिल्ड, म्हणजे गेमची कच्ची आवृत्ती, त्यांनी पास करायची. पहिल्या बिल्डमध्ये फिरकू खड्ड्यात पडला. नापास. दुसऱ्यात अस्वलाने नुसतं धरलं. तेही नापास.

“मग त्याने हरायचं कसं?” मी विचारलं.

“ते तुम्ही बघा. टीव्हीवर तो कधीच हरत नाही. आणि आता पुढचं बिल्ड शेवटचं हं.”

कॉल संपला. अहो, हरताच येत नाही तो गेम कसला? बिनमिठाचं वरण! पोरं दोन मिनिटांत फोन फेकतील. आणि हरवावं तर मॅडम नापास करणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ऑफिसात हे एकच काम उरलं होतं. ते गेलं की आम्ही सगळे घरी.

“वैशालीबेन, कंईक करो ने,” जिग्नेशभाई म्हणाले. काहीतरी कर, एवढंच त्यांचं मागणं.

घरी भाकरी खाताना मी सगळा राग आईसमोर काढला. “कोकराला पकडायचं नाही म्हणे! मग खेळ संपणार कसा?”

आई तव्यावरून मान वर न करता तिच्या अहिराणीत म्हणाली, “पकडं ते राज्य त्यानावर. घर धाडतस का कोनले?”

पकडला तर त्याच्यावर राज्य. घरी पाठवतात का कोणाला? हात्तिच्या! शिवाशिवी मीही जन्मभर खेळले होते. मी आईला मिठी मारायला गेले, तर तिने उलथनं दाखवलं.

तिसऱ्या बिल्डमध्ये गेम ओव्हर काढूनच टाकलं. अस्वलाने शिवलं की फिरकूवर राज्य. आता तो अस्वलाच्या मागे. वेळेत शिवलं तर पुन्हा फिरकू पुढे. नाही जमलं तर दोघं दमून झाडाखाली बसतात आणि खेळ संपतो.

“पण अस्वलाने पकडलाच की!” पुढच्या कॉलवर मॅडम म्हणाल्या.

“पकडला नाही. राज्य आलं त्याच्यावर. तुम्ही लहानपणी शिवाशिवी खेळला नाहीत?”

“दाव आव्यो, मॅडम, दाव!” जिग्नेशभाई खुर्चीतून उठून ओरडले. गुजरातीत राज्याला दाव म्हणतात.

मॅडम हसल्या. “माझ्यावर तर कायम राज्य असायचं,” म्हणाल्या. बिल्ड पास झालं.

गेम बाजारात आला, बरा चालला, ऑफिस वाचलं. एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. पोरं सुरुवातीलाच फिरकूला मुद्दाम अस्वलाच्या अंगावर घालतात. पळण्यापेक्षा त्यांना मागे लागण्यात मजा. उड्या मारायचे माझे सगळे अवघड टप्पे तसेच पडून आहेत, तिकडे कुणी फिरकत नाही.

कुणी कसं हरावं, याचाच मी पगार घेते. एवढ्या वर्षांत कळलं ते इतकंच: हरण्याचं पोरांना काही वाटत नाही. खेळातून बाहेर काढलं, की मात्र ती परत येत नाहीत.