अंगणातला निळा डाग

भंडाऱ्यात आमचं सूत रंगवायचं काम होतं. मला बघायला पाहुणे येणार होते, त्या सकाळी माझ्या हातून निळ्या रंगाची बादली अंगणात सांडली. परमिटवर मिळालेल्या सिमेंटचं ते अंगण अगदी नवं होतं. सोड्याने घासूनही डाग निघेना. शेवटी आईने पितळ उजळायचं तेजाब ओतलं. फेस आला, डाग गेला, पण सिमेंटही खाल्लं गेलं. खड्ड्यावर आम्ही सतरंजी टाकली.

मुलाच्या आईचा पाय तिथेच अडखळला. तिने सतरंजी उचलली.

“जुनाच खड्डा हाय,” आई म्हणाली.

तेजाबाचा वास अजून येत होता. पाहुणीने माझे निळे हात पाहिले.

“लपवता कायले, बाई? आमच्या घरी बी रंगकामच हाय.”

लग्न तिथेच जमलं. पण पाहुण्यांपुढे खाली गेलेली आईची मान आठवली, की सासरीही मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.