रिपोर्टात काही नाही

लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मला जुलाब लागले ते थांबेनात. घाटकोपरची चाळ, संडास कॉमन, आणि मी नवी सून. टमरेल घेऊन सारखी बाहेर पडायचे. शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. सासूबाई हसायच्या नाहीत. म्हणायच्या, "माहेरी जायचंय, म्हणून नाटकं."

नवऱ्याने मला जवळच्या दवाखान्यात नेलं. शौचाची तपासणी झाली. रिपोर्टात काही निघालं नाही. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो दिराकडून दोनदा वाचून घेतला आणि दारात उभं राहून सगळ्या मजल्याला सांगितला. मग धुणं आणि पाणी भरणं पुन्हा माझ्याकडे आलं. एकदा भरला हंडा घेऊन जिन्यातच कोसळले. डोळे उघडले तेव्हा सासूबाई हंड्याला पोचा आलाय का ते बघत होत्या.

वडिलांना कळलं. ते येऊन मला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं.

"एरोमोनास म्हणून जंतू आहे, पाण्यातला," त्या म्हणाल्या. "एरवी आम्ही तो शोधतच नाही. कॉलरा, टायफॉइड नसला की काही नाही असं लिहून मोकळे होतो. जुलाब ह्यानेच होतायत हे छातीठोक सांगता येणार नाही, कित्येकांच्या पोटात तो गुपचूप राहतो. पण गोळ्या घेऊन बघ. आणि घरात सगळ्यांनी पाणी उकळून प्या."

गोळ्यांनी गुण आला. मी खोटारडी नव्हते, एवढ्यानेच मला आनंद झाला होता. सासरी परतल्यावर डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पिंपातलं पाणी आम्ही सगळेच पितो," त्या म्हणाल्या. "मग हिलाच कसा झाला? हिनेच आणला माहेरून."

"आई, अगं डॉक्टर म्हणतायत ना..." नवरा म्हणाला.

"तू जेव रे."

तो जेवला.

पाणी कधी उकळलं गेलं नाही, रॉकेल पुरत नव्हतं. माझं ताट, वाटी, पेला मात्र मोरीच्या कट्ट्यावर गेला. मी ठणठणीत झाले तरी तिथेच.

पुढे दिराचं लग्न झालं. नव्या जावेने पहिल्या सकाळी चहा केला तेव्हा सासूबाईंनी माझा पेला दाखवला. "त्याला हात लावू नकोस. तिच्या पोटात किडे आहेत."

जावेने माझ्याकडे पाहिलं नाही. मोरीपाशी वाकून तिने लांबूनच, वरून चहा ओतला.