घरं बघण्याचा छंद

सकाळी फिरायला जाताना एक गृहस्थ दिसायचे. वाटेतल्या जुन्या घरांच्या भिंतींवर ते हलकेच तळवा ठेवत, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. मला ते आवडलं आणि एक दिवस मीच बोलायला गेले.

जुनी घरं बघत हिंडणं हा त्यांचा छंद होता. तो नाद मलाही आहे, त्यामुळे ओळख व्हायला वेळ लागला नाही. चुन्याचा गिलावा, मंगलोरी कौलं, पोटमाळे, बोलायला विषय पुष्कळ. ओळख बहुधा अशीच वाढते. आपण आवडीनिवडी सांगत जातो आणि समोरच्याला किती आत घेतलं, हे लक्षातही येत नाही.

"तळ्यामागचं कौलारू घर तुम्ही घेतलंत ना?" एकदा त्यांनी विचारलं. "रिकामं होतं तेव्हा मी आत जाऊन बसायचो. मागच्या दाराच्या फटीतून काडी घातली की कडी निघते."

मी हसले. घरी येऊन बाहेरून काडी घालून पाहिली. आवाजही न करता कडी निघाली. मी एकटी राहते. दुपारीच सुताराला बोलावून आतून अडसर बसवून घेतला. कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते भेटले, नेहमीसारखेच मंद हसले.

"अडसर बसवलात. बरं केलंत," ते म्हणाले. "पण लाकूड हलकं आहे."